दार कुणापासून लपवायचे?

धुळ्याहून जळगावकडे निघाले की फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी अशी गावे एकामागून एक लागतात आणि गावांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत ढाबे. पुढे बाजा टाकलेल्या, ट्रक उभे, शेवभाजीची लाल तर्री उकळत असलेली. यांतल्या काही ढाब्यांना मागची बाजूही असते. तिथे पत्र्याच्या आडोशाने केलेल्या खोल्या, दाराऐवजी पडदा आणि पडद्याआड स्टीलचे पेले. स्टीलच्या पेल्यात काय आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून काचेचा ग्लास मागायचा नसतो. पाटीवर यातले काहीच लिहिलेले नसते, तरी ज्याला जायचे असते त्याला वाट विचारावी लागत नाही. कधीतरी राज्य उत्पादन शुल्क खात्याचे पथक येते. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचे कलम ६८ ढाबेवाल्याला लागते, कलम ८४ तिथे बसलेल्यांना, आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी येतात.

मोठ्या शहरांत हेच पडद्याआडचे बसणे आता चढ्या भावाने विकले जाते. न्यूयॉर्कमध्ये २००७ साली ‘प्लीज डोन्ट टेल’ नावाचा बार सुरू झाला. हॉट डॉगच्या दुकानातल्या टेलिफोन बूथमध्ये शिरायचे, रिसीव्हर उचलायचा, मग बूथची मागची बाजू उघडते. दिल्लीत २०१२च्या सुमारास परवलीचा संकेत दिल्याशिवाय दार न उघडणारा बार निघाला, मग मुंबई-बंगळुरूत तशी ठिकाणे वाढत गेली. या सगळ्यांकडे रीतसर परवाना असतो, कर भरलेला असतो, धाडीची भीती नसते. लपण्याचे कारण उरलेले नाही, तरी गिऱ्हाइकाला लपणे हवे आहे आणि त्यासाठी तो जास्तीचे पैसे मोजायला तयार आहे.

या दोन पडद्यांच्या मध्ये एक जुना धर्मप्रश्न उभा आहे. लपवल्याने कृत्य बदलते का? मद्य वाईट असेल तर ते उघड्यावरही वाईटच, आणि वाईट नसेल तर पडदा कशाला? त्याहून अवघड प्रश्न पुढचा आहे. हा पडदा नेमका कुणासाठी लावलेला असतो? पोलिसासाठी, शेजाऱ्यासाठी, घरच्या बाईसाठी, देवासाठी, की स्वतःच्याच मनासाठी? खानदेशाने गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाशी जितकी झटापट केली आहे तितकी क्वचितच कुठे झाली असेल. ती झटापट कधी सातपुड्याच्या पाड्यांवर झाली, कधी धुळ्याच्या तुरुंगात.

चोरट्या बारची जगप्रसिद्ध गोष्ट अमेरिकेची. १७ जानेवारी १९२० रोजी तिथे देशभर दारूबंदी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. या जवळजवळ चौदा वर्षांत तळघरांत, दुकानांच्या मागे, बिनपाटीच्या दारांआड अगणित गुत्ते चालले. न्यूयॉर्कच्या बावन्नाव्या रस्त्यावरचा ‘ट्वेंटी वन’ त्यांतला सर्वांत कल्पक. त्याच्या तळघराचे दार विटांच्या भिंतीसारखे दिसणारे, वजनाने दोन टनांहून जास्त. विटांमधल्या एका बारीक भोकात लांब तार घातली की ते सरकायचे. १९३२ मध्ये सरकारी माणसांनी तासन् तास शोध घेतला आणि ती रिकाम्या हाताने परत गेली. पण खरी चलाखी दाराच्या जागेत होती. तळघर होते शेजारच्या एकोणीस नंबरच्या घराखाली. त्यामुळे ‘एकवीस नंबरमध्ये दारू नाही’ हे मालकांचे वाक्य अक्षरशः खरे होते.

मराठी वाचकाला इथे युधिष्ठिर आठवल्याशिवाय राहणार नाही. अश्वत्थामा मेला हे खरे, तो हत्ती होता हे हळू आवाजात सांगितलेले, आणि द्रोणाने शस्त्र खाली ठेवले. महाभारतकारांनी या खऱ्या वाक्याला माफी दिलेली नाही. जमिनीला न टेकता चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी खाली आला असे ते सांगतात. शब्द खरे होते, पण ज्याच्यासाठी ते उच्चारले त्याच्यापासून सत्य लपवले होते, आणि हिशेब तिथे झाला.

अमेरिकेच्या कायद्याने धर्मालाही या लपवाछपवीत ओढले. चर्चमधल्या प्रसादाचे आणि ज्यू विधींचे द्राक्षमद्य बंदीतून वगळले होते. परिणाम असा की १९२२ ते १९२४ या दोनच वर्षांत ‘धार्मिक’ मद्याची उचल सुमारे आठ लाख गॅलनांनी वाढली. भक्ती एवढी वाढलेली नव्हती. वेदीच्या नावाने मद्य निघत होते आणि वेदीपर्यंत पोचत नव्हते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळत असे, तीही याच रीतीची. माणसाला एखाद्या गोष्टीची लाज वाटते तेव्हा तो तिच्यासमोर सगळ्यात पवित्र वस्तू आडोशाला धरतो: देव, नाहीतर प्रकृती.

आपल्याकडेही आडोसा प्रकृतीचाच झाला. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९३९ साली दारूबंदीचा मोठा प्रयोग मुंबई शहरात केला. स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून सगळे राज्य, त्यात पूर्व आणि पश्चिम खानदेशही, कोरडे ठरले. मोरारजी देसाई या धोरणाचे सर्वांत ठाम पुरस्कर्ते. पुढे बंदी सैल होत गेली, पण कायदा रद्द झाला नाही. २०१२ साली त्याचे नाव तेवढे ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ झाले. आजही महाराष्ट्रात मद्य प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी मद्यासाठी पाच रुपयांना आणि देशीसाठी दोन रुपयांना मिळत आला आहे, वर्षाचा शंभराला, आयुष्यभराचा हजाराला. आणि तो परवाना दिला जातो आरोग्य राखण्यासाठी. जळगावच्या परमिट रूममध्ये संध्याकाळी बसलेल्यांपैकी कितीजणांच्या खिशात तो असतो, हे त्या टेबलावर विचारून पाहावे. कायदा मोडला जातो ही यातली मुख्य चिंता नाही. अब्रूदार, कर भरणारी, देवळात जाणारी माणसे रोज एका लहानशा खोट्याला सरावतात आणि त्याला खोटे म्हणणेही विसरतात, ही चिंता आहे.

धर्मग्रंथ या बाबतीत स्पष्ट आहेत, पण वाटतात तितके एकसुरी नाहीत. मनुस्मृतीने सुरापान पंचमहापातकांत घातले आणि ही पातके करणाऱ्याची संगत हेच पाचवे पातक मानले. म्हणजे एकट्याच्या पिण्याइतकेच सोबत बसणे तिथे गंभीर आहे. महाभारताच्या आदिपर्वात मात्र या निषेधाचा जन्म गोष्टीतून होतो. असुरांनी कचाला जाळले, त्याची राख सुरेत मिसळली आणि शुक्राचार्यांना पाजली. आपल्या शिष्याला आपणच प्यालो हे कळल्यावर शुक्राचार्यांनी जाहीर केले की यापुढे जो ब्राह्मण मद्य पिईल तो धर्मापासून ढळेल आणि त्याला ब्रह्महत्येचे पाप लागेल. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’मुळे ही कथा मराठी घरांत पोचली. तिच्यातली एक गोष्ट डोळ्यांआड होऊ नये. शुक्राचार्यांनी बंदी घातली ती पहिल्यांदा स्वतःवर, स्वतःच्या वर्गावर, स्वतःच्या चुकीचा उघड उच्चार करून. दुसऱ्याच्या घरात काय शिजते ते पाहायला ते गेले नाहीत.

इस्लाममधला निषेध तर पूर्ण. कुराणात तो टप्प्याटप्प्याने येतो आणि शेवटी मद्याला सैतानी काम म्हणून दूर ठेवायला सांगितले जाते. पण याच परंपरेत खलिफा हजरत उमर यांची एक गोष्ट आहे आणि गझालीसारख्या थोर विचारवंताने ती आवर्जून नोंदवली आहे. उमर रात्री गस्त घालत असताना एका घरातून आवाज आला. ते भिंत चढून आत उतरले, तर तो माणूस मद्य घेऊन बसलेला. उमर संतापले. तो म्हणाला, मी अल्लाचा एक अपराध केला असेल, तुम्ही तीन केलेत: हेरगिरी करू नका अशी आज्ञा असताना पाळत ठेवलीत, घरात दारातून या असे सांगितले असताना भिंतीवरून आलात, आणि सलाम न करता, परवानगी न घेता शिरलात. उमर यांनी ते मान्य केले आणि त्याने पश्चात्तापाचा शब्द दिल्यावर त्याला सोडले. दारूला एवढा कडक विरोध करणाऱ्या धर्माने पिणाऱ्याच्या भिंतीलाही मान दिला, ही फार मोलाची गोष्ट आहे. पाप त्याचे आणि त्याच्या ईश्वराचे. त्या दोघांच्या मध्ये राजाने शिडी लावायची नाही.

ही भिंत सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र लागू पडत नाही, कारण तिथे मुळात भिंतच नव्हती. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा समाजांत मोहाची दारू पिण्याआधी देवाच्या, पूर्वजांच्या नावाने धार टाकतात. जन्म, लग्न, पेरणी, इंदलचा उत्सव, मरण, प्रत्येक प्रसंगी ती धार आधी जमिनीवर पडते. अक्कलकुव्याजवळ काठीची राजवाडी होळी पेटते तेव्हाही, आणि महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला याहामोगी देवीच्या यात्रेत कणग्या-टोपल्या, कोंबडे यांच्यासोबतही. देवमोगरा गुजरातेत आहे, म्हणजे १९६० पासून सतत दारूबंदी असलेल्या राज्यात. नंदुरबार, तळोद्याकडून निघालेला यात्रेकरू एक राज्यसीमा ओलांडतो आणि त्याच्या हातातली तीच बाटली अलीकडे नैवेद्य असते, पलीकडे कायद्याच्या पुस्तकात गुन्हा. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात तर ही सीमा फलाटाच्या मधूनच जाते. अर्धे स्टेशन महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. देवी मात्र दोन्हीकडची एकच.

उघड्यावरची ही धार आडोशाला ढकलली ती १८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने. तोवर घराघरांत, पाड्यांवर मोहाची फुले आंबवून दारू गाळली जात असे. कायद्याने गाळण्याचा हक्क सरकारी मक्त्यात नेला, दुकाने लिलावात काढली आणि घरची भट्टी चोरटी ठरवली. सरकारला महसूल हवा होता. संयम शिकवणे हा उद्देश नव्हताच. देवाची धार ओतायलाही मक्तेदाराच्या दुकानातून विकत आणायची वेळ आली, उधारीवर आणायची वेळ आली, आणि उधारीपायी बैल, वासरे, शेवटी जमीन गेली. खानदेशातल्या नाल्यांच्या आडोशाला पेटणाऱ्या हातभट्ट्यांचा वंश इथून सुरू होतो. मोहाचे फूल तेच राहिले. ते नाल्यात लपले आणि त्याच्यावरचा देवाचा हात सुटला.

आणि याच डोंगराळ मुलखातून या देशातल्या दारूत्यागाच्या फार मोठ्या लाटा गेल्या.

१९२२ साली देवी आली. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून देवीच्या रोगाची साथ शांत करण्यासाठी सुरू झालेला तो संचार नाशिकच्या उत्तरेकडून, सुरगाण्यातून, खानदेशच्या कडेने, डांगातून दक्षिण गुजरातपर्यंत पसरला. मांडव पडे, हजारो आदिवासी जमत, कुणाच्या तरी अंगात देवी येई आणि ती सांगे: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारू विकणाऱ्याच्या शेतावर राबू नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली या चळवळीवर आख्खे पुस्तक लिहिले ते उगाच नाही. या त्यागात भक्ती होती आणि मक्तेदाराच्या चोपडीतून सुटण्याचा निश्चयही होता. काही गावांत लोक पुढे पुन्हा पिऊ लागले. दक्षिण गुजरातेत त्यांना ‘सरजेला’ म्हणत आणि ज्यांनी सोडले ते ‘वरजेला’ राहिले. पिणारेही उघड, न पिणारेही उघड.

पंधरा वर्षांनी, १९३७-३८च्या सुमारास, तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुला महाराजांच्या आरतीला दर सोमवारी अशीच अलोट गर्दी होऊ लागली. ज्यांना सगळे जग ‘अरे-तुरे’ करी ते भिल्ल तिथे एकमेकांना ‘आप’ म्हणू लागले, आणि चळवळीचे नावच ‘आप की जय’ पडले. दारू सोडायची, स्वच्छ राहायचे, मांस टाकायचे, एकमेकांचा मान ठेवायचा. दारू सोडणे आणि ‘आप’ म्हणवून घेणे या दोन गोष्टी एकाच दिवशी सुरू व्हाव्यात यात फार खोल अर्थ आहे: ज्याला मान मिळाला त्याला आडोसा लागत नाही. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाले. बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेले आणि सरकारने त्यांना जिल्ह्याबाहेर घालवले. ज्या सरकारची तिजोरी आबकारीवर भरते त्याला दारू सोडणारी गर्दी धोक्याची वाटते, हा खानदेशचा अनुभव आहे.

मैदानावरच्या खानदेशातही त्याग असाच चारचौघांत होतो. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते. सर्वांत लांबून येणाऱ्या पालख्यांपैकी ती एक. या वाटेवरच्या कितीतरी घरांत कुणाचा तरी आजा, कुणाचा तरी बाप एके दिवशी माळ घालून आला आणि दारू सुटली, अशी गोष्ट सांगतात. तुळशीची माळ गळ्यात असते, सगळ्यांना दिसते. परमिट रूमच्या पायरीवर माळ घातलेला माणूस दिसला तर दुसऱ्या दिवशी गाव विचारते. वारकऱ्यांनी माणसाच्या दुर्बळपणाचा पुरता विचार करूनच व्रत गळ्यात घालायला लावले असावे. मनात केलेल्या संकल्पाला साक्षीदार नसतो.

मोरवडच्या आरतीच्या काही वर्षे आधी, खानदेशातच, या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म विचार झाला तो धुळ्याच्या तुरुंगात. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे तिथल्या कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले आणि अमळनेरच्या शाळेत पूर्वी मास्तर असलेल्या साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली. तुरुंग म्हणजे खरोखरीची संपूर्ण दारूबंदी. आत मिळतच नाही. पण तिथे न पिणाऱ्याला कुणी संयमी म्हणणार नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हाच मुद्दा आहे: उपाशी माणसापासून विषय दूर होतात, त्यांची गोडी मात्र मनात उरते. तिसऱ्या अध्यायात तर हातपाय आवरून मनाने विषय घोळवत बसणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. विनोबांनी चौथ्या अध्यायातल्या विकर्माचा जो अर्थ लावला तो या प्रश्नाचे कुलूप उघडतो. बाहेरचे कर्म एकटे कोरडे. त्याला आतले, मनाचे विशेष कर्म जोडले जाते तेव्हाच त्यात शक्ती येते. दारूबंदीचा कायदा हे बाहेरचे कर्म आहे. मोरवडच्या आरतीत त्याला आतले जोडलेले होते, मुंबईच्या सचिवालयात ते जोडता आले नाही. दोन्हींचा मजकूर जवळजवळ सारखा असूनही एकाने मान दिला आणि दुसऱ्याने पडदे वाढवले, त्याचे कारण हे.

अमळनेरचा उल्लेख आला आहे तर तिथल्या तत्त्वज्ञान मंदिराकडेही वळावे लागते. श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली स्थापन केलेल्या या संस्थेने कृष्णचंद्र भट्टाचार्य या असामान्य विचारवंताचा ‘द सब्जेक्ट अॅज फ्रीडम’ हा ग्रंथ १९३० साली प्रसिद्ध केला. गिरणीच्या भोंग्याने जागे होणाऱ्या या गावातून स्वातंत्र्याचा इतका अवघड विचार बाहेर पडला, याचा खानदेशाने अभिमान बाळगावा. भट्टाचार्यांच्या मते मोकळे होणे म्हणजे ‘मी’ने वस्तूंपासून पायरीपायरीने सुटत जाणे: आधी देहाकडे पाहता येणे, मग मनातल्या प्रतिमांकडे, मग विचारांकडेही. या मापाने तपासले तर टेलिफोन बूथमधून शिरणारा गिऱ्हाईक आणि पत्र्याच्या खोलीत शिरणारा ट्रकवाला यांच्यात फरक उरत नाही. दोघेही वस्तूकडे जाणारी आडवाट शोधत आहेत. एकाला ती वाट सापडणे हेच स्वातंत्र्य वाटते, आणि नव्या बारची सगळी जाहिरात याच भासावर उभी आहे. चार लोकांना ठाऊक नसलेली जागा आपल्याला ठाऊक आहे, यात सुख आहे हे नाकारण्याचे कारण नाही. मित्रांच्या लहान घोळक्यात, मंद उजेडात, ओळखीच्या चेहऱ्यांपुरते बसावे ही भूकही खरी आहे. गजबजलेल्या शहरात ती वाढतच जाणार. पण त्या सुखाला बंडखोरी म्हणू नये. ज्यांनी खरोखर धोका पत्करून दार लपवले त्यांचा तो इतिहास आहे, आणि त्यातले पुष्कळ जण विषारी दारूने मेले.

ते मरण अजून थांबलेले नाही. मुंबईत विक्रोळीला २००४ साली आणि मालवणीला २०१५ साली गावठीच्या नावाखाली मिथेनॉल पाजले गेले. मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते, ते आधी डोळ्यांची नस जाळते, मग जीव घेते. काळा गूळ आणि नवसागर टाकून नाल्यात लावलेल्या भट्टीवर तपासनीस नसतो. आडोशाची किंमत श्रीमंत पैशांत देतो. गरिबाला ती डोळ्यांनी द्यावी लागते.

आणि त्याच्या घरातली बाई? तिच्याकडे आल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त, १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात, आर्यमदिरा मंडळ आहे; तळीराम आणि मंडळी तिथे पिण्याची एकाहून एक भारदस्त कारणे देतात. त्या बैठकीत दारूपायी बुडणाऱ्या नायकाची बायको सिंधू नसते. नाटकाचा सारा हिशेब मात्र तिच्या घरात, तिच्या जात्यावर, तिच्या मुलाच्या पाळण्यापाशी होतो.

तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात सिंधूंनी हा हिशेब स्वतः मांडला. अंबरसिंग सुरतवंती यांनी भिल्लांच्या जमिनी आणि मजुरीसाठी उभे केलेले काम १९७२ मध्ये श्रमिक संघटनेच्या रूपाने पुढे गेले. गुला महाराजांच्या आरतीची आठवण या मातीत होतीच. संघटनेच्या शिबिरांत बायका बोलू लागल्या तेव्हा मजुरीआधी दारूचा विषय निघाला, कारण वाढवून मिळालेली मजुरी गुत्त्यात जात होती आणि नवरा घरी येऊन मारत होता. १९७३च्या सुमारास त्या गटागटाने गावोगाव गेल्या, गुत्ते शोधले, मडकी फोडली, बायकांना मारणाऱ्यांना चारचौघांत जाब विचारला.

हजरत उमरांच्या गोष्टीपुढे हे दृश्य ठेवले की मन दुविधेत पडते. त्या माणसाच्या भिंतीला मान द्यायचा तर शहाद्याच्या मडक्यांचे काय? उत्तर त्या गोष्टीतच आहे. उमर परके होते, वरून उतरले, आणि ज्या पापाचा भार फक्त पिणाऱ्यावर होता त्यात शिरले. शहाद्याच्या बायका त्याच गावच्या होत्या, गावासमोर, दारातून आल्या, आणि ज्या पिण्याचा भार त्यांच्या पाठीवर वळ होऊन उमटत होता त्याचा जाब मागत होत्या. ज्या खासगीपणाचे बिल दुसऱ्याच माणसाला भरावे लागते तो खासगीपणा राहत नाही. म्हणून पडद्याबद्दलचा पहिला नैतिक प्रश्न ‘आत काय चालले आहे’ हा नसावा. पडदा कुणाच्या डोळ्यांसमोर ओढला आहे हे आधी विचारावे. देवापासून लपण्याची गरज कुणालाच भासत नाही. पोलिसापासून लपण्याची गरज परवान्याने मिटते. स्टीलचा पेला उरतो तो घरच्या माणसांसाठी.

सरकार मात्र दाराचे अंतर मोजत बसते. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री नको असा निकाल दिला. हेतू रस्त्यावरचे मृत्यू टाळण्याचा होता. मग केरळात परवूरला एका बारने दारापर्यंत पोचायला वळणावळणांचा चक्रव्यूह बांधला, म्हणजे चालण्याचे अंतर वाढेल. महाराष्ट्रात शहरांतून जाणारे राज्यमार्ग अवर्गीकृत करून स्थानिक संस्थांकडे देण्यात आले, आणि त्यात यवतमाळ, लातूरसोबत जळगावही होते. रस्ता तोच, खड्डे तेच, दुकाने तीच. नकाशावरचे नाव बदलले. पुढे २०१७च्या जुलैत न्यायालयानेच महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना मोकळीक दिली. एकवीस नंबरच्या घरात दारू नाही म्हणणाऱ्या मालकांचेच हे तर्कशास्त्र, फक्त आता ते शासनाने वापरले.

याउलट महाराष्ट्राच्या २००८च्या नियमांनी एक फार वेगळा पडदा बायकांच्या हातात दिला. गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मद्याच्या दुकानासाठी गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. शिक्का मारताना बाई पडद्याआड एकटी असते. नवरा, दीर, दुकानदार, सरपंच कुणालाही ते दिसत नाही. स्टीलच्या पेल्याभोवतीचा पडदा ज्यांच्यापासून लपण्यासाठी असतो त्यांनाच इथे पडद्याचे संरक्षण मिळते. लपणे स्वतः पाप नाही याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नसेल.

मात्र या नियमात एक अट आहे आणि ती जाचक आहे. दुकान बंद व्हायला एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी पुरत नाहीत. म्हणजे जी बाई मतदानाला येऊ शकली नाही तिचे मत आपोआप उभ्या बाटलीकडे जाते. खानदेशात कापूस वेचणीच्या दिवसांत बायका पहाटे रानात जातात आणि अंधारून आल्यावर परततात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे तर महिनोन् महिने गावात नसतात. अशा हंगामात तारीख पडली तर निकाल मतपेटी उघडण्याआधीच ठरतो. मागणीचा अर्ज देणाऱ्या बायकांनी अर्जासोबतच तारखेचीही मागणी करावी, आणि जिल्हा प्रशासनाने ती वेचणी संपल्यावरची, ऊसतोडीची माणसे परतल्यावरची, मजुरीच्या भरपगारी सुट्टीची तारीख द्यावी.